ठेका मोडला, दाद कुठे मागायची?

पत्र अर्ध्या पानाचं असतं. वर जावक क्रमांक, मग विषय, संदर्भात तीन-चार जुनी पत्रं, आणि खाली दोन ओळी: आपणांस दिलेला कार्यारंभ आदेश प्रशासकीय कारणास्तव रद्द करण्यात येत आहे, कळावे. भंडारा जिल्ह्यात हे पत्र कुणालाही येऊ शकतं. गावातला सिमेंट रस्ता घेतलेल्या मजूर संस्थेला, मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या पाळीचं काम मिळालेल्या तरुण अभियंत्याला, कालव्याच्या अस्तरीकरणाचा तुकडा घेतलेल्या ठेकेदाराला, सरकारी धानाची भरडाई करणाऱ्या गिरणीवाल्याला. पत्र हाती पडतं तेव्हा गिट्टी पडलेली असते, मिक्सर भाड्याने आणलेला असतो, मजुरांना उचल दिलेली असते आणि बयाणा रक्कम सरकारकडे अडकलेली असते. पहिला प्रश्न एकच असतो: आता जायचं कुठे?

या प्रश्नाचं आजचं उत्तर दीडशे वर्षांत घडत आलं आहे. त्यातला एक मोठा टप्पा भंडाऱ्याच्या एका निवडणुकीतून निघाला, हे मात्र इथल्या फार थोड्या लोकांना माहीत आहे.

सुरुवात कंपनी सरकारच्या वारशापासून करायला हवी. १८५८ च्या कायद्याने हिंदुस्थानचा कारभार राणीकडे गेला आणि सरकारविरुद्धचे दावे भारतमंत्र्यांवर लावायची सोय झाली. इंग्लंडात राजावर दावा लावता येत नसे. इथे तो लावता येत होता, कारण कंपनी व्यापारी होती आणि तिच्यावर दावे होत आले होते. १८६१ मध्ये कलकत्त्याच्या न्यायालयाने पी अँड ओ या जहाज कंपनीच्या खटल्यात फरक घालून दिला: सरकार व्यापाऱ्यासारखं वागत असेल तर जबाबदार, राज्यकर्ता म्हणून वागत असेल तर नाही. हा फरक कागदावर बरा दिसतो, पण १८७५ मध्ये नोबिनचंद्र डे यांना त्याचा चटका बसला. त्यांनी गांजाच्या दुकानाच्या सरकारी लिलावात बोली लावली होती, परवाना मिळाला नाही. त्यांनी नुकसानभरपाई मागितली. न्यायालय म्हणालं की करारच झालेला नाही, शिवाय अबकारी परवाना देणं हे राज्यकर्त्याचं काम, त्यावर दावा चालत नाही. मध्य प्रांतातल्या भंडाऱ्यातही त्या काळी अबकारी आणि जंगल यांचे लिलाव हाच सरकार आणि व्यापारी यांच्यातला मुख्य व्यवहार होता. बोली लावणाऱ्याला निकालाचा अर्थ स्पष्ट होता. साहेबाने हातोडा आपटला तरी करार झाला असं समजू नये.

पुढे १९३५ च्या कायद्यात आणि मग संविधानाच्या कलम २९९ मध्ये सरकारी कराराचं रूप ठरवून दिलं गेलं. करार राष्ट्रपती किंवा राज्यपालांच्या नावाने असावा, आणि ज्याला अधिकार दिला आहे त्यानेच त्यावर त्यांच्या वतीने सही करावी. हेतू चांगला होता. कुणा कारकुनाच्या शब्दावर तिजोरी बांधली जाऊ नये, म्हणून. पण नियम ज्याच्या हाती, त्यालाच पळवाटही मिळाली. काम करून घ्यायचं, आणि बिल आलं की सांगायचं, आमच्या साहेबांना सहीचा अधिकारच नव्हता.

आणि इथे भंडारा येतो.

पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत भंडारा लोकसभा मतदारसंघ द्विसदस्य होता, एक जागा सर्वसाधारण, एक अनुसूचित जातींसाठी राखीव. सर्वसाधारण जागेवर चतुर्भुज विठ्ठलदास जसानी निवडून आले. ते मूलजी सिक्का आणि कंपनी या विडीच्या पेढीत भागीदार होते. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यातच होतं (वेगळा जिल्हा झाला १९९९ मध्ये) आणि हा सगळा पट्टा विडीवर जगत होता: जंगलात तेंदूपत्ता तोडणारे, घराच्या ओसरीवर विड्या वळणारे, कट्टे बांधणारे. या पेढीच्या विड्या भारत सरकारच्या कँटीन स्टोअर्सकडे जात आणि तिथून सैनिकांना विकल्या जात. सरकारशी माल पुरवण्याचा करार असलेला माणूस निवडणूक लढवू शकत नाही, असं लोकप्रतिनिधित्व कायदा सांगत होता. मोरेश्वर परशराम यांनी निवडणुकीला आव्हान दिलं.

जसानींच्या बाजूने मांडलेला मुद्दा चतुर होता. विड्यांचे हे करार पत्रव्यवहारातून झाले, राष्ट्रपतींच्या नावाचा रीतसर दस्तऐवज कुठेच नाही. म्हणजे कलम २९९ प्रमाणे करारच अस्तित्वात नाही. आणि करार नाही तर अपात्रता कुठली? ठेकेदाराला हरवण्यासाठी सरकार एरवी जे म्हणत असे, तेच इथे पुरवठादार स्वतःला वाचवण्यासाठी म्हणत होता.

सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९५४ मध्ये न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी लिहिला. बोस नागपूरचे. तिथेच त्यांनी वकिली केली आणि पुढे नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश झाले. मध्य प्रांतातली कचेरी आणि तिचे व्यवहार कसे चालतात, हे त्यांना पाहून ठाऊक होतं. त्यांनी मुद्दा फेटाळला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: देशभर शेकडो अधिकारी रोज लहानसहान सौदे करतात, काही तोंडी, काही पत्राने, काही घाईच्या वेळी. प्रत्येकासाठी जाडजूड दस्तऐवज हवा म्हटलं तर कारभार ठप्प होईल, आणि ज्यांनी विश्वासाने माल दिला ते बुडतील. रूप पाळलं नसेल तर सरकारला त्या कराराने बांधता येणार नाही कदाचित, पण म्हणून तो करार मुळात नव्हताच असं होत नाही. सरकार तो मान्य करू शकतं. मला हा निकाल त्या काळातला सर्वांत माणुसकीचा वाटतो, कारण त्यात पहिल्यांदाच कायद्याने कलमाकडून नजर काढून टेबलापलीकडे उभ्या असलेल्या माणसाकडे पाहिलं.

त्याच निकालात दुसरी एक गोष्ट होती. राखीव जागेसाठी गंगाराम ठवरे यांचा अर्ज नाकारला गेला होता, कारण ते महानुभाव पंथात गेले होते आणि म्हणून महार राहिले नाहीत असं ठरवलं गेलं. न्यायालयाने हे चूक ठरवलं. पंथ बदलला तरी जातीने आणि स्वतः त्यांनीही ते नातं तोडलं नव्हतं. परिणामी सगळी निवडणूकच रद्द झाली. त्याच वर्षी पोटनिवडणूक लागली, आणि राखीव जागेवर उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. ते काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांकडून हरले. सर्वसाधारण जागा अशोक मेहतांनी जिंकली. बाबासाहेबांची भंडाऱ्याची निवडणूक विदर्भात सगळ्यांना आठवते. ती ज्या खटल्यामुळे लागली त्याच्या पोटात सरकारी ठेक्याचा कायदा होता, हे आठवणीतून गळून गेलं.

बोस यांचं औदार्य फार टिकलं नाही. १९६१ मध्ये भिखराज जयपुरिया प्रकरणात न्यायालयाने उलट सूर लावला. रेल्वेच्या अधिकाऱ्याने धान्याच्या खरेदीचे आदेश दिले होते, पण ते गव्हर्नर जनरलच्या नावाने नव्हते. न्यायालय म्हणालं, कराराचं रूप सक्तीचं आहे, ते सार्वजनिक हितासाठी आहे, पाळलं नाही तर करार अंमलात आणता येत नाही. मात्र त्याच वर्षी दुसरी खिडकी उघडली. पश्चिम बंगालमध्ये बी. के. मंडल या ठेकेदाराने आरामबागला पुरवठा खात्यासाठी बांधकामं केली, कच्चा रस्ता केला. रीतसर करार नव्हता. सरकारने जागा वापरली आणि पैसे द्यायला नकार दिला. न्यायालयाने १८७२ च्या करार कायद्याचं कलम ७० पुढे केलं: फुकट करण्याचा हेतू नसताना कुणी तुमच्यासाठी काम केलं आणि तुम्ही त्याचा लाभ घेतला, तर मोबदला द्यावाच लागेल. करार असो वा नसो. तोंडी सांगण्यावरून पूरकाळात मुरूम टाकून देणाऱ्या आजच्या ठेकेदाराचा आधारही हाच निकाल आहे.

तेंदूपत्त्याने याच सुमारास वेगळा धडा दिला. भंडारा तेव्हा ज्यात होता त्या मध्य प्रदेशात मालगुजारी ३१ मार्च १९५१ पासून गेली. त्याआधी विडीवाल्यांनी मालगुजारांकडून जंगलातली पानं तोडायचे करार काही वर्षांसाठी घेऊन ठेवले होते. नवं सरकार ते मानेना. छोटाभाई जेठाभाई पटेल आणि कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली आणि जिंकली. पण १९५९ मध्ये महादेव विरुद्ध मुंबई राज्य या खटल्यात न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी तो निकाल बाजूला सारला. तेही नागपूरचेच. पानं तोडायचा हक्क जमिनीशी जोडलेला आहे की नुसता करार आहे, यावर सगळं अवलंबून होतं, आणि नुसत्या करारासाठी मूलभूत हक्काचा दरवाजा उघडत नाही असं ठरलं.

त्याच सुमारास केरळच्या अच्युतन खटल्यात हाच विचार सरळ ठेक्याला लागू झाला. कन्नूरच्या सरकारी इस्पितळाला दूध पुरवायचं कंत्राट अच्युतनना मिळालं होतं. ते काढून सहकारी दूध संघाला दिलं गेलं. न्यायालय म्हणालं, सरकारशी करार व्हावा असा कुणाचा मूलभूत हक्क नाही. करार मोडला असेल तर दिवाणी दावा लावा. १९७७ मध्ये बिहारच्या सालबियांच्या पट्ट्यावर राधाकृष्ण अगरवाल प्रकरणात हेच अधिक सविस्तर सांगितलं गेलं. करार करताना सरकार समानतेच्या कलम १४ ने बांधलेलं असतं. एकदा करार झाला की दोन्ही पक्ष करारातल्या अटींच्या मैदानात उतरतात, आणि तिथली भांडणं उच्च न्यायालयातल्या रिट याचिकेत सोडवली जात नाहीत.

म्हणजे सत्तरच्या दशकापर्यंत चित्र असं होतं. सही नीट नसेल तर करार नाही, सही नीट असेल तर उच्च न्यायालय नाही. उरला दिवाणी दावा. त्याला आधी १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस, मग तारखा, मग अपील. मोठा ठेकेदार ते सोसतो. मजूर संस्था सोसू शकत नाही, आणि तिला ते सोसायला लावणं हा अन्याय आहे, असं मी बिनदिक्कत म्हणेन.

वारं बदललं ते काही निकालांनी मिळून. १९७४ मध्ये इरुशियन इक्विपमेंट खटल्यात न्यायालयाने म्हटलं की कुणालाही काळ्या यादीत टाकण्याआधी त्याचं म्हणणं ऐकलं पाहिजे. १९७७ च्या अखेरीस मोहिंदरसिंग गिल खटल्यात, जो खरं तर निवडणुकीचा होता, न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी सांगितलं की आदेशाची वैधता त्यात लिहिलेल्या कारणांवर ठरते. नंतर प्रतिज्ञापत्रात नवी कारणं जोडून तो सावरता येत नाही. ‘प्रशासकीय कारणास्तव’ एवढंच लिहून ठेका रद्द करणाऱ्या कार्यालयाची अडचण इथे होते. कोर्टात उभं राहिल्यावर कामाचा दर्जा निकृष्ट होता, विलंब झाला होता, असं सांगायला लागलं तर वकील गिलचा निकाल समोर ठेवतो.

मग १९७९ चा रामण्णा दयाराम शेट्टी खटला. मुंबईच्या सांताक्रूझ विमानतळावर उपाहारगृह आणि दोन स्नॅक बार चालवायची निविदा होती. अट होती पाच वर्षांचा अनुभव असलेला नोंदणीकृत दुसऱ्या श्रेणीचा हॉटेलवाला. काम ज्याला मिळालं तो अटीत बसत नव्हता. न्यायमूर्ती भगवती यांनी ठरवलं की सरकार आणि सरकारी संस्था स्वतः घातलेल्या अटींनी बांधलेल्या असतात, त्यांना मर्जीने कुणालाही काम देता येत नाही. शेट्टींना स्वतःला मात्र काही मिळालं नाही. ते उशिरा आले होते आणि तोवर दुसऱ्याने पैसा गुंतवला होता. उशीर हा या क्षेत्रातला सर्वांत घातक दोष आहे. तत्त्व जिंकतं आणि माणूस रिकाम्या हाताने परततो, असं पुढेही अनेकदा झालं.

भंडाऱ्यासारख्या धानाच्या जिल्ह्याने १९८७ चा रामेश्वर राइस मिल्सचा निकाल तर जपून ठेवावा असा आहे. कर्नाटकातल्या तीर्थहळ्ळीच्या भातगिरणीशी सरकारचा करार होता. सरकारने म्हटलं, गिरणीने करार मोडला. नुकसान किती ते आम्ही ठरवलं. आता ते जमीन महसुलाच्या थकबाकीसारखं वसूल करतो. न्यायालयाने विचारलं, करार मोडला की नाही हेच वादात असताना एका पक्षाने स्वतःच न्यायाधीश कसं व्हायचं? मोडला हे दुसऱ्याला मान्य नसेल तर तो निर्णय न्यायालयाचा. भरडाईत तांदूळ कमी उतरला म्हणून वसुलीची नोटीस हाती आलेल्या गिरणीवाल्याला यापेक्षा जवळचा निकाल सापडणार नाही.

१९९० मध्ये श्रीलेखा विद्यार्थी खटल्यात न्यायालयाने आणखी एक पाऊल टाकलं: करार झाल्यावरही सरकारचं वागणं मनमानी नसावं, कलम १४ करारनाम्याच्या दाराशी थांबत नाही. २००३ च्या एबीएल इंटरनॅशनल निकालाने, योग्य प्रकरणात करारातल्या पैशासाठीसुद्धा रिट चालू शकते हे मान्य केलं. दुसरीकडे १९९४ च्या टाटा सेल्युलर निकालाने न्यायाधीशांनाही लगाम घातला. निर्णय कसा घेतला ते तपासा. निर्णय बरोबर की चूक हे ठरवायला निविदा समितीच्या खुर्चीत बसू नका. २००६ मध्ये जगदीश मंडल प्रकरणात यालाच दोन प्रश्नांचं रूप मिळालं: निर्णय दुष्ट हेतूने किंवा मनमानीने घेतला का, आणि त्यात सार्वजनिक हिताला धक्का बसतो का? दोन्हींचं उत्तर नाही असेल तर न्यायालयाने हात घालू नये.

या लगामाचं वजन सर्वांत जास्त कुठे जाणवतं ते पाहायचं तर पवनी तालुक्यात जावं. गोसीखुर्द धरणाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते झाली. सुरुवातीची मंजुरी ३७२ कोटींची होती, २००९ मध्ये तो राष्ट्रीय प्रकल्प झाला, खर्च कित्येक पटींनी वाढला, आणि शेतकरी कालव्याच्या पाण्यासाठी वर्षानुवर्षं थांबले. दर स्थगिती आदेशामागे एखादी वितरिका कोरडी राहते, हे इथल्या माणसाला कुणी समजावून सांगावं लागत नाही. संसदेनेही २०१८ मध्ये हाच विचार केला. विशिष्ट अनुतोष कायद्यात कलम २०अ आलं: पायाभूत प्रकल्पाला विलंब होईल असा मनाई हुकूम दाव्यात देऊ नये. सोबतच्या यादीत सिंचनाची धरणं आणि कालवेही आहेत. २०२२ मध्ये झारखंडच्या एका रस्त्याच्या प्रकरणात, एन. जी. प्रोजेक्ट्समध्ये, सर्वोच्च न्यायालयाने रिट ऐकणाऱ्या उच्च न्यायालयांनाही हे ध्यानात ठेवायला सांगितलं: काम थांबवण्यापेक्षा अन्याय झालेल्याला नुकसानभरपाईकडे पाठवा.

तर्क मला पटतो, पण अर्धाच. कारण भरपाई म्हणजे नेमकी किती? १९८४ च्या ब्रिजपाल सिंग खटल्यात, गुजरातच्या रस्त्याच्या कामात ठेका चुकीने मोडला म्हणून उरलेल्या कामाच्या किमतीवर १५ टक्के बुडालेला नफा धरला गेला. १९९९ च्या द्वारकादास खटल्यात १० टक्के. पण हे मिळायला दावा शेवटपर्यंत लढावा लागतो. आणि करारातच ‘३० दिवसांच्या नोटिशीने करार संपवता येईल’ असं कलम असेल तर १९९१ चा अमृतसर गॅसचा निकाल आडवा येतो: तिथे मोडणं चूक ठरूनही भरपाई त्या ३० दिवसांपुरतीच मिळाली. छोट्या ठेकेदाराने निविदेतली कलमं सही करण्याआधी वाचायला हवीत, हे म्हणणं सोपं आहे. सार्वजनिक बांधकाम खात्याचा बी-१ नमुना समोर ठेवून त्याचं कलम ३ वाचून पाहा. सुरक्षा ठेव जप्त, करार रद्द, उरलेलं काम ठेकेदाराच्या खर्चाने आणि जोखमीने दुसऱ्याकडून करून घेणं, यातला कोणता मार्ग धरायचा ते कार्यकारी अभियंत्याने ठरवायचं. हे कलम छापील असतं. त्यावर वाटाघाट करायची सोय नसते.

म्हणूनच ९ जुलै २०२४ चा सुबोधकुमार सिंग राठोड यांचा निकाल महत्त्वाचा. कोलकात्यात ईस्टर्न मेट्रोपॉलिटन बायपासवरच्या भुयारी मार्गांची देखभाल करायची आणि त्या बदल्यात तिथे जाहिराती लावायच्या, असं कंत्राट त्यांना मिळालं होतं. महानगर विकास प्राधिकरणाने ते रद्द केलं. कारण दिलं, निविदेत तांत्रिक चुका होत्या आणि महसूल जास्त मिळू शकेल. न्यायालयाने मूळ नस्ती वाचली. टिपणीवरून दिसलं की रद्द करायचं ते खात्याच्या मंत्र्यांच्या सांगण्यावरून ठरलं आणि कारणं मागाहून शोधली गेली. न्यायमूर्ती पारडीवाला यांनी रद्द करणं बेकायदा ठरवलं. निविदेला पावित्र्य आहे, सरकारला जास्त पैसा मिळेल एवढ्याने झालेला करार मोडता येत नाही, आणि करार खासगी स्वरूपाचा आहे म्हणून मनमानी झाकली जात नाही, असं त्यांनी सांगितलं.

दीडशे वर्षांत प्रश्न किती सरकला ते इथे दिसतं. नोबिनचंद्रांना विचारलं गेलं होतं, तुमचा करार झाला का? जसानींच्या काळात विचारलं गेलं, सही कुणाची? राठोड प्रकरणात न्यायालयाने विचारलं, हे करायला कुणी सांगितलं आणि का? तिसरा प्रश्न विचारायचा तर नस्ती हातात हवी. माझा आग्रह हाच आहे की रद्द-पत्राला आव्हान मिळालं की मूळ नस्ती पहिल्याच तारखेला न्यायालयात मागवली जावी. स्थगिती द्यायची की नाही हा वाद मग अंधारात होत नाही. काम खरंच निकृष्ट असेल तर ते टिपणीत, मोजमाप पुस्तिकेत, गुणनियंत्रणाच्या अहवालात आधीपासून असतं, आणि कालवा अडत नाही. ते नसेल तर तेही त्याच दिवशी कळतं.

आज भंडाऱ्याच्या ठेकेदारासमोर वाटा अशा आहेत. सुनावणी न देता, कारण न देता किंवा दुसऱ्याच्या सांगण्यावरून रद्द केलं असेल तर संविधानाच्या कलम २२६ खाली उच्च न्यायालयाचं नागपूर खंडपीठ, सुमारे ६० किलोमीटरवर, आणि तिथे महिने नव्हे तर आठवड्यांत पोहोचायला हवं, पुढच्या निविदेचा कार्यारंभ आदेश निघण्याआधी. करारात लवादाचं कलम असेल तर १९९६ च्या लवाद कायद्याची वाट. तथ्यांचाच वाद असेल, काम किती झालं, दर्जा कसा होता, तर भंडाऱ्याचंच दिवाणी न्यायालय आणि कलम ८० ची नोटीस. करारच कच्चा निघाला तर करार कायद्याचं कलम ७०. आणि कुठलीही वाट धरली तरी पत्र मिळाल्याच्या आठवड्यात माहिती अधिकाराचा अर्ज टाकावा, टिपणीसह संपूर्ण नस्तीच्या प्रतीसाठी. माहिती अधिकाऱ्याला त्यासाठी ३० दिवस असतात. करारभंगाच्या भरपाईची मुदत ३ वर्षांची आहे, आणि ती अधिकाऱ्यांच्या दारात विनंती अर्ज घेऊन फिरण्यात गेली तरी थांबत नाही.